हक्क लिहिला, पण देणारा कोण ते लिहायचे राहिले

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

संविधान दिन जवळ आला की अन्न, घर, औषधपाणी, रोजगार हे मूलभूत हक्क करा, अशी मागणी करणारी पत्रे वाचकांच्या सदरात येऊ लागतात. मागणी रास्त आहे. मात्र घटनेच्या चौथ्या भागातले (कोर्टात दाद नसलेल्या मार्गदर्शक तत्त्वांतले) कलम उचलून तिसऱ्या भागात (दाद मागता येणाऱ्या मूलभूत हक्कांत) ठेवले की काम फत्ते, असा समज त्यामागे असतो. चौथ्या भागातल्या आर्थिक कलमांची भाषा ज्या परंपरेतून आली, तिला या बाबतीत चांगलेच चटके बसलेले आहेत. ती परंपरा म्हणजे कॅथलिक चर्चची सामाजिक शिकवण. कोल्हापुरात ख्रिस्ती म्हटले की मिशनचा दवाखाना नि शाळा आठवते. पोपची पत्रे कोण वाचतो? पण त्यांतला काही भाग कलम ३९ मध्ये आपण रोज वाचत आलो आहोत.

हे कसे, ते आधी सांगतो. १९४७ च्या अखेरीस घटनात्मक सल्लागार बी. एन. राव अमेरिका, कॅनडा, इंग्लंड आणि आयर्लंड फिरून आले. आयर्लंडमध्ये ते तिथले पंतप्रधान डी व्हॅलेरा यांना भेटले. त्या देशाची १९३७ ची राज्यघटना तयार होत असताना जेझुइट धर्मगुरू एडवर्ड काहिल आणि पुढे डब्लिनचे आर्चबिशप झालेले जॉन चार्ल्स मॅक्वेड यांनी डी व्हॅलेरांकडे टिपणे आणि मसुदे पाठवले होते. त्यांच्यापुढे १८९१ चे ‘रेरुम नोव्हारुम’ आणि १९३१ चे ‘क्वाद्राजेसिमो आन्नो’ ही पोपची दोन पत्रे होती. आयरिश घटनेच्या ४५ व्या कलमात सामाजिक धोरणाची मार्गदर्शक तत्त्वे आली ती अशी, आणि तिथून ती आपल्याकडे आली. ‘स्त्री-पुरुष दोघांनाही उपजीविकेच्या पुरेशा साधनाचा हक्क’ आणि ‘भौतिक साधनसंपत्तीची मालकी व नियंत्रण सर्वांच्या हिताला पोषक होईल असे विभागणे’ ही दोन्ही वाक्ये दोन्हीकडे जवळजवळ शब्दशः सारखी आहेत.

फरक आहेत, आणि त्यांतच खरी गंमत आहे. आयरिश कलमात साधनसंपत्ती ‘खासगी व्यक्ती आणि विविध वर्ग’ यांच्यात विभागायची आहे, कारण मालकी सरकारच्या हाती एकवटू नये हा कॅथलिक आग्रह. आपण ते शब्द गाळले आणि दोन्हीकडे असलेली ‘समाजाची’ साधनसंपत्ती तेवढी ठेवली. त्या ‘समाजाची’ शब्दावर मुंबईच्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतींचा खटला नऊ न्यायाधीशांपर्यंत गेला आणि ५ नोव्हेंबर २०२४ ला निकाल लागला, की प्रत्येक खासगी मालमत्ता काही समाजाची साधनसंपत्ती ठरत नाही. आयरिश कलम म्हणते की गरजेपोटी कुणालाही आपल्या ‘लिंग, वय किंवा ताकदी’ला न झेपणाऱ्या कामात शिरावे लागू नये, आपण त्यातले ‘लिंग’ काढून टाकले, ते उत्तम केले. सर्वांत मोठा फरक शेवटचा. तिथे ही तत्त्वे फक्त कायदेमंडळासाठी, कोर्टाने त्यांत पडायचे नाही. आपल्या ३७ व्या कलमातही कोर्टात दाद नाही, पण ती ‘देशाच्या शासनव्यवहारात मूलभूत’ आहेत आणि कायदे करताना ती लागू करणे हे ‘राज्याचे कर्तव्य’ आहे, अशी पुस्ती जोडली. या पुस्तीचा आधार घेऊनच सर्वोच्च न्यायालयाने पुढे फुटपाथवासीयांच्या खटल्यात, १९८५ मध्ये, उपजीविका जगण्याच्या हक्कात आणली.

आता शिकवणीकडे. ‘रेरुम नोव्हारुम’चा कणा मजुरीचा आहे. मालकाने देऊ केले आणि मजुराने मान्य केले म्हणून मजुरी न्याय्य ठरत नाही. गरजेने किंवा आणखी वाईटाच्या भीतीने माणूस वाईट अटी पत्करतो तेव्हा त्याच्यावर जबरदस्तीच झालेली असते, असे पोप लिओ तेरावे स्पष्ट म्हणतात. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात हेच वेगळ्या वाटेने गाठले: किमान वेतनाहून कमी देऊन घेतलेले काम म्हणजे कलम २३ खालील वेठबिगार. ‘रेरुम नोव्हारुम’नंतर चाळीस वर्षांनी, १९३१ मध्ये, पोप पायस अकरावे यांनी मजुरी कुटुंबाला पुरली पाहिजे हे जोडले. आपल्याकडे त्याचे गणित १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने मांडले: कमावत्यामागे तीन उपभोग एकके (मुले धरून तीन मोठ्या माणसांइतका आहार), प्रत्येकी २७०० कॅलरी, चौघांच्या कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे, आणि इंधन-दिवाबत्ती व इतर खर्चाला एकूण वेतनाच्या २० टक्के. १९९१ च्या रेप्टाकोस ब्रेट निकालाने शिक्षण, औषधोपचार, लग्नकार्य, म्हातारपण यांसाठी आणखी २५ टक्के धरले. पोपच्या पत्रात नसलेला आकडा इथे मिळाला, आणि आकडा आल्याशिवाय मजुरीची मागणी भाषणापुरतीच राहते.

घटनेविषयी थेट बोलणारे पत्र म्हणजे पोप जॉन तेविसावे यांचे ११ एप्रिल १९६३ चे ‘पाचेम इन तेर्रिस’. अन्न, वस्त्र, निवारा, वैद्यकीय मदत, विश्रांती. आजारपण, अपंगत्व, वैधव्य, म्हातारपण, बेकारी यांत आधार: ही यादी त्यात हक्क म्हणून येते. आपले कलम ४१ वाचणाऱ्याला ती ओळखीची वाटेल. पुढे ते राज्यांना तीन गोष्टी करायला सांगतात. मूलभूत हक्कांची सनद स्पष्ट आणि नेमक्या शब्दांत घटनेत घालावी. कुठल्या अधिकाऱ्याचे कार्यक्षेत्र काय ते घटनेने ठरवावे. नागरिक आणि राज्यकर्ते यांच्यातले नाते हक्क-कर्तव्यांच्या भाषेत लिहावे. पहिली गोष्ट सगळ्यांना आवडते. दुसरी आणि तिसरी कुणी वाचत नाही, आणि सगळी गफलत तिथेच होते. कारण त्याच पत्राचा मूळ मुद्दा असा, की एकाचा हक्क म्हणजे दुसऱ्या कुणाचे तरी नाव घेऊन सांगता येणारे कर्तव्य.

कर्तव्य कुणाचे, हा प्रश्न इचलकरंजीत विचारून पाहावा. मागावर उभ्या कामगाराला मजुरी ५२ पिकाच्या (इंचात ५२ आडवे धागे असलेल्या) कापडाला मीटरमागे इतके पैसे, अशी मिळते. देणारा खर्चीवाला, म्हणजे व्यापाऱ्याचे कापड मजुरीवर विणून देणारा यंत्रमागधारक. त्याला व्यापारी मजुरी देतो तीही पिकावरच, आणि दर व्यापारी ठरवतो. कामगार मजुरीवाढ मागायला गेला की खर्चीवाला आपल्याच मजुरीचा कागद पुढे करतो, आणि त्यात तो खोटे बोलत नसतो. उसाच्या फडात तेच: कोयत्याने (ऊस तोडणाऱ्या जोडप्याने) उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतली मुकादमाकडून, मुकादमाचा करार वाहतूकदाराशी, कारखान्याच्या हजेरीपुस्तकात तोडणी मजूर नाहीच. जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या ‘लाबोरेम एक्सेर्चेन्स’मध्ये यासाठी ‘अप्रत्यक्ष मालक’ ही कल्पना मांडली. करार ज्याच्या सहीने झाला तो प्रत्यक्ष मालक. पण त्या कराराच्या अटी ज्याच्या दरामुळे, धोरणामुळे किंवा कायद्यामुळे ठरतात तो अप्रत्यक्ष मालक, आणि जबाबदारी त्याच्यावरही पडते. त्यात सरकारही येते. इचलकरंजीतला २०१३ चा यंत्रमाग कामगारांचा आणि २०१५ चा सायझिंग (सुताला खळ लावणाऱ्या) कामगारांचा संप आठवा. दोन्ही वेळा वाटाघाटीच्या टेबलावर बसलेल्या माणसाच्या हातात पूर्ण दर नव्हता. उद्या घटनेत ‘निर्वाहवेतनाचा हक्क’ असे तीन शब्द लिहिले आणि साखळीतला वरचा माणूस बांधला नाही, तर ते तीन शब्द खर्चीवाल्याच्या दारात येऊन अडतील.

या शिकवणीचे दुसरे मोठे तत्त्व खालच्या पातळीचे. कुटुंबाला, गावाला, संघटनेला जे जमते ते वरच्याने हिसकावू नये. आणि त्यांना जमत नसेल तिथे वरच्याने मदतीला धावावे. या तत्त्वाचे नाव ‘सब्सिडिॲरिटी’; लॅटिनमध्ये मूळ शब्द ‘सब्सिडियम’, म्हणजे लढाईत मदतीला धाडलेली राखीव फौज. आपली सबसिडीही त्याच घरची. या तत्त्वाचे पहिले अर्धे वाक्य वापरून दुसरे खिशात ठेवले की काय होते, ते आयर्लंडने १९५१ मध्ये पाहिले. आरोग्यमंत्री नोएल ब्राउन यांनी सर्व आया आणि १६ वर्षांखालील सर्व मुले यांना मोफत उपचाराची योजना आणली, उत्पन्नाची अट न ठेवता. बिशपमंडळींनी विरोध केला: मुलांचे आरोग्य सांभाळणे हा आईबापांचा अधिकार, गरजू थोड्यांसाठी सरकारने सर्वांचे घर का ताब्यात घ्यावे? डॉक्टरांच्या संघटनेला आपले उत्पन्न बुडण्याची भीती होतीच. एप्रिलमध्ये ब्राउन यांनी राजीनामा दिला. बाराच वर्षांनी पोपच्या पत्रात वैद्यकीय मदत हक्कांच्या यादीत आली. चर्चची शिकवण आणि चर्चची मंडळी यांत अंतर पडते ते असे. आपल्याकडेही शिक्षणहक्क कायद्यातल्या २५ टक्के जागांच्या तरतुदीतून २०१४ च्या प्रमती निकालाने अल्पसंख्याक शाळा, म्हणजे ख्रिस्ती शाळाही, बाहेर राहिल्या. कलम ३० खाली तो त्यांचा हक्क आहे हे मान्य. पण सृष्टीतली संपत्ती मुळात सर्वांसाठी आहे असे शिकवणाऱ्यांनी ती सूट किती वापरायची, हे कोर्टाने सांगावे लागू नये.

ब्राउन यांच्या योजनेत बिशपांना खटकली ती उत्पन्नाची अट नसणे. आता अट असली की काय होते ते तहसील कचेरीत पाहा. श्रावणबाळ आणि संजय गांधी निराधार योजनेत, अपंग सोडून इतरांना, २०२३ पासून महिना १५०० रुपये मिळतात; अट, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत. भागाकार करा. महिन्याला १७५०, दिवसाला ५८ रुपयेसुद्धा नाहीत. घरात एकाने वर्षातले काही महिने शेतमजुरी केली तरी घर त्यापुढे जाते. म्हणून दाखल्यावर साडेवीस हजार लिहिले जातात. लिहिणाऱ्याला, सही करणाऱ्याला आणि घेणाऱ्याला तिघांनाही आकडा काय आहे ते ठाऊक असते. खरे लिहिले तर अपात्र, खोटे लिहिले तर पुढच्या तपासणीत वसुलीचे भय. योजनेची रचनाच अशी, की हक्क घ्यायला म्हातारीला आधी खोटे बोलावे लागते. केंद्राच्या निवृत्तिवेतनातला वाटा ६० ते ७९ वयासाठी महिना २०० रुपये, पंधरा वर्षांहून अधिक काळ तोच. महागाईशी रक्कम जोडायचे कलम कुठेच नाही, म्हणून हक्क कागदावर तसाच राहतो आणि ताटातला भात कमी होतो.

मग घटनादुरुस्ती कशी लिहावी? पुन्हा आयर्लंडच. तिथे १९९८ मध्येच बिशपांच्या न्याय व शांती आयोगाने घर, आरोग्य, पोषण, पुरेसे राहणीमान हे हक्क घटनेत आणावेत अशी मांडणी केली होती. फेब्रुवारी २०१४ मध्ये शंभर जणांच्या घटना परिषदेत, ज्यात ६६ साधे नागरिक होते, ८५ टक्क्यांनी या हक्कांना घटनेत बळ देण्याच्या बाजूने मत दिले. पण शब्द कोणते, यावर मते फुटली. ‘उपलब्ध साधनांच्या कमाल मर्यादेपर्यंत राज्य हे हक्क टप्प्याटप्प्याने प्रत्यक्षात आणील आणि या कर्तव्याबाबत कोर्टात दाद मागता येईल’ या मसुद्याला ५९ टक्के. त्यावर सार्वमत झालेले नाही. झाले ते दुसऱ्याच कलमावर, ८ मार्च २०२४ ला. १९३७ च्या घटनेत आईला आर्थिक गरजेपोटी घर सोडून कामाला जावे लागू नये यासाठी राज्य ‘प्रयत्नशील राहील’ असे वाक्य आहे. कुटुंबाला पुरेल अशा मजुरीच्या विचाराचे ते वंशज. सत्त्याऐंशी वर्षांत त्या वाक्याने कुठल्या आईच्या हातात एक पौंड ठेवला नाही. ते काढून घरातल्या सेवाशुश्रूषेला आधार देण्यासाठी राज्य ‘झटेल’ असे नवे वाक्य सुचवले गेले. बिशपांनी विरोध केला तो एका टोकाने, अपंगांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्यांनी दुसऱ्या टोकाने: झटेल म्हणजे काय करील? जवळपास ७४ टक्के लोकांनी नाही म्हटले.

कोर्टाच्या बाजूनेही धडा आहे. प्राथमिक शिक्षण मोफत देण्याची सक्ती आयरिश घटनेत आहे, पण वय लिहिलेले नाही. ऑटिझम असलेल्या तरुणाच्या खटल्यात २००१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती सक्ती १८ व्या वर्षी संपते असा अर्थ लावला. त्याच वर्षी दुसऱ्या निकालात, विशिष्ट केंद्रे बांधा असा आदेश कोर्ट सरकारला देऊ शकत नाही असे ठरले. वाटपाचा न्याय विधिमंडळाचा, देण्याघेण्याचा न्याय कोर्टाचा, ही ॲरिस्टॉटल आणि थॉमस अक्वायनसपासून चालत आलेली विभागणी त्याआधी १९८९ मध्ये एका न्यायाधीशाने भटक्या कुटुंबांच्या मुक्कामाच्या जागेच्या खटल्यात वापरली होती. म्हणजे कॅथलिक तत्त्वज्ञानाचाच एक तुकडा दुसऱ्याच्या आड आला. माझ्या मते ही विभागणी बरोबर आहे, तिचा वापर चुकला. किती द्यायचे हे विधिमंडळाने ठरवावे. ठरवलेले दिले की नाही, हा देण्याघेण्याचाच प्रश्न आहे आणि तो कोर्टाने तपासावा.

आपली २००२ ची ८६ वी दुरुस्ती या कसोटीला बरीच उतरते. कलम २१अ मध्ये वय लिहिले, सहा ते चौदा. कायदा २००९ चा, अंमल १ एप्रिल २०१० पासून. सहाच्या आतले मूल मात्र कलम ४५ मध्ये, म्हणजे दाद नसलेल्या भागातच, राहिले. चौदाच्या पुढचे तर दोन्हीकडून सुटले. उलट उदाहरण अन्नसुरक्षा कायद्याचे. कलम ४ मध्ये गरोदर आणि स्तनदा मातेला ‘किमान सहा हजार’ असे २०१३ साली लिहिले. मुदत लिहिली नाही. योजना आली २०१७ मध्ये. पाच हजारांची, तीही पहिल्या जिवंत अपत्यापुरती. उरलेले हजार दुसऱ्या योजनेतून धरून घ्या, असा हिशेब. कायदा बदलला नाही, योजनेच्या परिपत्रकाने कायदा कापला. नव्या दुरुस्तीत म्हणूनच पाच वाक्ये हवीत: देणारे पद कोणते, किमान माप किती, मुदत किती, रक्कम महागाईशी कशी जोडली, आणि एकदा दिलेले माप संसदेच्या मताशिवाय कमी करता येणार नाही. यांतले पाचवे नसेल तर पहिली चार तीन वर्षांत झिजतात.

राजर्षी शाहूंनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला, तेव्हा मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड त्यातच ठेवला होता. हक्कासोबत कर्तव्य लिहायचे म्हणजे काय, याला आपल्याला रोमपर्यंत जायची गरज नव्हती खरे तर.

दुरुस्ती होईल तेव्हा होईल. आज जे लिहिलेले आहे ते मागतानाही आपण क्रम चुकतो. रेशन कमी मिळाले, अंगठा उमटत नाही म्हणून परत पाठवले, तर दुकानदाराशी वाद घालून उपयोग नाही. अन्नसुरक्षा कायद्यात जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आहे, त्याच्याकडे लेखी तक्रार करून पोच घ्यावी. त्यावर अपील राज्य अन्न आयोगाकडे. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, अंत्योदयला कुटुंबामागे ३५ किलो. ते दिले नाही तर कलम ८ खाली भत्ता मिळण्याची तरतूद आहे, पण तो आपणहून कुणी देत नाही, मागावा लागतो. उसतोडीला गेलेल्यांनी लक्षात ठेवावे की आपल्या वाट्याचे धान्य कामाच्या गावी आणि घरी राहिलेल्या म्हाताऱ्यांच्या वाट्याचे मूळ गावी, असे विभागून उचलता येते; मात्र ज्याचे आधार जोडलेले नाही किंवा ई-केवायसी राहिली त्याचे नाव दोन्हीकडे अडते. दाखला मुदतीत मिळाला नाही तर २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने ३० दिवसांत पहिले अपील. विलंब करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड. मुदती कचेरीत फलकावर लावणे बंधनकारक आहे. फलक नसेल तर तीही तक्रार करावी.

हे सगळे झाल्यावर कोर्ट. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत बसते, म्हणून पूर्वी मुंबईच्या खेपेला जाणारा पैसा वाचतो. पण कलम २२६ खाली सरकारला आदेश मिळवायचा तर तीन कागद लागतात: कर्तव्य सांगणारे कायद्याचे कलम, आपण केलेल्या लेखी मागणीची पोच, आणि नकार किंवा मुदत उलटल्याचा पुरावा. मधला कागद नसल्याने चांगल्या याचिका पहिल्याच दिवशी परत येतात. औद्योगिक कामगार, स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमाती आणि अपंग यांना विधी सेवा कायद्याच्या कलम १२ खाली उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जिल्ह्याचे कार्यालय कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात आहे, अर्ज साध्या कागदावर चालतो, आणि त्यासोबत ती पोच जोडावी.

आपला नम्र,
एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर